कोबा फोडण्याआधी

जुन्या घराची दुरुस्ती काढली की भिंती, छप्पर, दारं यांबद्दल चार माणसं चार मतं देतात. जमिनीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असतं. मिस्त्री, कंत्राटदार, शेजारी आणि मे महिन्यात मुंबईहून आलेले नातलग एकच सांगतात: ‘हा कोबा फोडा आणि टाइल्स टाकून घ्या.’ कारणंही तीच असतात. लाल रंग उडालाय, भेगा पडल्यात, ओल येते, डाग निघत नाहीत आणि आता सिमेंटची जमीन ठेवतं कोण!

माझ्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यातल्या घरी, हाच सल्ला आम्हाला मिळाला होता. आम्ही तो अर्धा ऐकला. पडवीचा लाल कोबा फोडून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या. माजघराचा कोबा पैसे संपले म्हणून राहिला आणि पुढच्या वर्षी आम्ही तो साफ करून, भेगा भरून, घोटून घेतला. एका उंबरठ्याच्या दोन बाजूंना दोन निर्णय आज शेजारी शेजारी आहेत. ते रोज पाहिल्यामुळेच हा सल्ला चुकीचा आहे, असं मी ठामपणे म्हणतो. सिमेंटची जमीन जुनी होते, मळते, चिरते. पण ती संपत नाही. तिची दुरुस्ती करता येते आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

आधी ही जमीन आहे काय, ते पाहू. खाली धुमसलेला मुरूम, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीटचा थर, आणि तो ओला असतानाच वर सिमेंटचा घोळ पसरून थापीने तासन् तास घोटलेला गुळगुळीत पृष्ठभाग. इंजिनियरांच्या नकाशात याला ‘आयपीएस’ म्हणजे इंडियन पेटंट स्टोन म्हणतात. अशा जागेवर ओतायच्या जमिनीसाठी २५७१ क्रमांकाचं भारतीय मानकही आहे. म्हणजे हा गावठी जुगाड नव्हे, रीतसर बांधकाम आहे. वरच्या घोळात लाल रंग मिसळला की झाला लाल कोबा. तो रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आपल्याकडची जुनी हुरमुंजी. गेरूला आणि काव मातीला लाली येते तीही लोहाच्या ऑक्साइडामुळेच.

आता पहिला आरोप: रंग उडाला. लोहाचं ऑक्साइड उन्हाने फिकं पडत नाही आणि सिमेंटमधल्या चुन्यानेही बिघडत नाही. म्हणूनच तर गवंड्यांनी हा रंग निवडला. मग जमीन पांढुरकी का दिसते? बहुतेक घरांत त्याची तीन कारणं असतात. पहिलं, वर्षानुवर्षं चढलेल्या मेणाचे आणि तेलाचे थर. पूर्वी सणाआधी मॅन्शन पॉलिशचा डबा यायचा, नाहीतर फडक्याने खोबरेल चोळलं जायचं. खोबरेल कधी वाळत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरून ठेवतं आणि वर काळपट पापुद्रा तयार होतो. दुसरं, लोणा. जमिनीखालची ओल वर येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि पांढरी पूड मागे राहते. तिसरं, बारीक ओरखडे. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, म्हणून तोच लाल रंग फिकट दिसतो. खात्री करायची असेल तर कोपऱ्यात हातभर जागा टर्पेंटाइनने पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि ओली असतानाच पाहा. बहुतेक वेळा आजोबांच्या काळची लाली समोर दिसते. रंग कुठेही गेलेला नसतो, तो झाकला गेलेला असतो.

आमच्या माजघरात असंच झालं. पहिल्या फडक्याला काळं निघालं, तिसऱ्याला तपकिरी आणि त्यानंतर लाल. फोडण्याचा निर्णय ज्या डागांमुळे होणार होता, ते डाग जमिनीचे नव्हतेच. ते आमच्याच पॉलिशचे होते.

दुसरा आरोप भेगांचा. सिमेंट वाळताना आकसतं. म्हणूनच जाणकार गवंडी काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालून जमिनीचे चौकोन पाडत असत, म्हणजे आकसण्याला ठरलेल्या जागी वाट मिळे. जिथे पट्ट्या घातल्या नाहीत किंवा सुरुवातीचे दिवस पाणी मारण्यात कसूर झाली, तिथे केसासारख्या चिरा पडल्या. पण चीर आणि मोड यांत फरक आहे. नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने सगळी जमीन वाजवून पाहा. आवाज टणक आला तर वरचा थर खालच्याला घट्ट धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर तेवढाच तुकडा सुटलेला आहे आणि तेवढाच काढून नव्याने करायचा आहे. चिरेचं काम याहून सोपं. टोकदार छिन्नीने ती किंचित रुंद करायची, धूळ ब्रशने पूर्ण काढायची, कडा ओल्या करायच्या आणि सिमेंट, रंग व बांध घट्ट करणारं पॉलिमर यांचं मिश्रण दाबून भरायचं. रंग जुळवणं हीच यातली खरी कसोटी. ओलं मिश्रण गडद दिसतं आणि वाळल्यावर फिकं होतं, म्हणून आधी पाच-सहा नमुन्यांच्या वड्या करून पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच निवड करावी. रंगाचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावं. लाली वाढवण्याच्या मोहात त्यापलीकडे गेलं तर मिश्रण दुबळं होतं.

भरलेली चीर जवळून दिसेल का? दिसेल. गोधडीचा टाका दिसतो, तांब्याच्या हंड्याचा डाक दिसतो, तशी. ज्या घरात चार पिढ्या वावरल्या त्या घराच्या जमिनीवर दुरुस्तीची रेघ असण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरा आरोप ओलीचा आणि तो सर्वांत गंभीर आहे. कोकणात, घाटमाथ्यावर आणि नदीकाठच्या घरांत पावसाळ्यात जमीन दमट होते हे खरं. पण टाइल टाकली की ओल थांबते, हे खरं नाही. टाइल ओल अडवत नाही, तिचा रस्ता बदलते. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. त्यामुळे खालून येणारी वाफ सांध्यांतून आणि भिंतींच्या पायथ्यातून वाट काढते. टाइल्स टाकल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात भिंतीच्या तळाचे पोपडे सुटू लागले, असं सांगणारी किती तरी घरं मी पाहिली. आमची पडवी त्यांतलीच एक. ओलीचा इलाज जमिनीच्या वर नसतो, घराच्या बाहेर असतो. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब नेणं, मागच्या दारची मोरी दुरुस्त करणं, जोत्याला लागून चढलेली माती उतरवणं, ही कामं आधी करावी लागतात. ओल किती आहे हे तपासायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि निदान १६ तासांनी उचला. खाली दव दिसलं किंवा जमीन काळवंडली असेल तर ओल वर येते आहे. ही परीक्षा ऐन पावसाळ्यात करावी, मे महिन्यात नव्हे.

याच परीक्षेवरून दुसऱ्या एका सल्ल्याचाही निकाल लागतो. कोबा फोडायचा नसेल तर त्यावर काहीतरी ‘मारून घ्या’, असं सांगणाऱ्यांचा तो सल्ला. यात चार प्रकार आहेत आणि चारही घातक आहेत.

पहिला प्रकार ॲसिडचा. संडास साफ करण्याचं ॲसिड पाण्यात घालून कोबा घासायचा आणि ‘नवा’ करायचा. ॲसिड डाग खात नाही, सिमेंट खातं. लाल रंगाचे कण ज्या सिमेंटने धरून ठेवलेत तेच विरघळलं की फेस येतो, जमीन उजळल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर खरखरीत, फिकट, धूळ सोडणारी होते. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तर चुनखडीचेच दगड. त्यांच्यावर ॲसिड टाकणं म्हणजे दगडच विरघळवणं.

दुसरा प्रकार रंगाचा आणि इथे एका नावाने घोटाळा केलेला आहे. हार्डवेअरच्या दुकानात ‘रेड ऑक्साइड’ मागितलं तर बऱ्याचदा लोखंडी जाळीला लावायचा प्रायमर हातात मिळतो. कोब्यात घालायची पूड वेगळी आणि हा तेलकट रंग वेगळा. सिमेंट अल्कधर्मी असतं. ओलीबरोबर तो क्षार तेलाच्या रंगाला भिडला की रंगाचा अक्षरशः साबण होतो आणि पापुद्रे सुटतात. एकदा सुटलेला रंग खरवडून काढण्यात जे श्रम जातात, तेवढ्यात मूळ जमीन दोनदा घोटून झाली असती.

तिसरा प्रकार पातळ थराचा. जुन्या कोब्यावर लाल सिमेंटचा नवा घोळ फिरवायचा. मूळ कोब्यात रंगाचा थर टिकला, कारण तो खालचं काँक्रीट ओलं असताना घातला होता आणि दोन्ही एकजीव होऊन एकत्र आकसले. नवा घोळ आकसतो, खालची पन्नास वर्षांची जमीन आकसत नाही. मग नवा थर कडेने उचलला जातो आणि पापडासारखा फुटतो. गवंड्याचं कसब इथे कामी येत नाही. दोन थरांची वयंच जुळत नाहीत.

चौथा प्रकार एपॉक्सीचा. कारखान्याच्या किंवा गोदामाच्या, खाली ओल अडवणारा थर असलेल्या जमिनीवर एपॉक्सी उत्तम काम करतं, हे मी मान्य करतो. पण गावाकडच्या जुन्या घरात मुरुमावर ओतलेल्या जमिनीखाली प्लास्टिकचा थर नसतो. वर येणारी वाफ एपॉक्सीखाली अडते, फोड येतात आणि लेप सालीसारखा निघतो. खिडकीजवळ, जिथे ऊन पडतं, तिथे तो पिवळा पडतो. तुकडा निघाला की त्या जागी नवा जोडला तरी ठिगळ लपत नाही.

मग करायचं काय? जे करायचं ते जमिनीवर चढवायचं नाही, जमिनीतूनच काढायचं. मेण आणि तेल उतरवा. पोकळ तुकडे आणि चिरा भरा, त्यांना पाणी मारून किमान आठवडाभर मुरू द्या. मग घोटाई. इथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी, कारण लाल थर अनेकदा जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असतो. मोझेक घासणाऱ्या पॉलिशवाल्याला ‘नेहमीसारखं करा’ म्हटलं तर तो ६० नंबरच्या दगडाने सुरुवात करील, आणि पहिल्याच फेरीत लाली उडून खालचं करडं काँक्रीट उघडं पडेल. त्याला स्पष्ट सांगा की सुरुवात बारीक दाण्यानेच, २०० किंवा ४०० ने, आणि पुढे ८००, १५०० असं चढत जायचं. आधी पलंगाखालच्या कोपऱ्यात करून पाहायचं. घासताना पाणी चालूच हवं. कोरडं घासलं की सिलिकाची धूळ उडते आणि ती फुफ्फुसात कायमची बसते. सिलिकोसिसला इलाज नाही. मजुराने मुखपट्टी लावली नाही तर काम थांबवण्याचा हक्क घरमालकाला आहे, आणि ते त्याचं कर्तव्यही आहे.

घोटाईनंतर सिलिकेटचा द्रव द्यायचा. तो सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावतो आणि सिमेंटला बळ देणारं जे संयुग असतं तेच पुन्हा तयार करतो, त्यामुळे पृष्ठभाग आतून कठीण होतो. शेवटी पातळ मेण किंवा आत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर. मेण वर्षातून एक-दोनदा द्यायचं, तेही फडक्याने पातळ आणि पुसून घेतलेलं. जवसाचं उकळलेलं तेल वापरणार असाल तर तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा.

ज्यांची जमीन लाल नाही, साधा करडा कोबा आहे, त्यांच्यासाठी रंगाची वाट बंद नाही. ॲसिड स्टेन नावाचा प्रकार इथे योग्य ठरतो आणि त्याचा वर सांगितलेल्या ॲसिड धुण्याशी घोळ करू नये. यात सौम्य आम्लात लोह, तांबं, मँगनीज अशा धातूंचे क्षार असतात. ते सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून तपकिरी, मातकट, हिरवट-निळसर छटा पृष्ठभागातच निर्माण करतात. तो वरून दिलेला लेप नसल्यामुळे त्याचे पोपडे निघत नाहीत. मात्र पाच गोष्टी पाळाव्या लागतात. नवं काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस थांबावं. मेण, तेल, जुना रंग यांचा अंशही राहू देऊ नये, कारण तिथे आम्ल पोचतच नाही. आधी कोपऱ्यात नमुना करावा. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल शमवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्यांशिवाय बाटली उघडूच नये, आणि ब्लीचिंग पावडर त्या खोलीत चुकूनही आणू नये, कारण दोघांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. एवढं करूनही छटा एकसारखी येणार नाही. जुन्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना कुठे जास्त, कुठे कमी उरलेला असतो, आणि रंग त्याप्रमाणेच धरतो. ज्याला कागदासारखा एकसारखा रंग हवा त्याने हा मार्ग धरू नये. सह्याद्रीच्या कातळाकडे पाहून ज्याला समाधान वाटतं, त्याला ही जमीन आवडेल.

आता खर्चाचा मुद्दा. घोटाईला मजुरी लागते, म्हणून टाइल्स स्वस्त पडतात असं सांगितलं जातं. हा हिशेब टाइलच्या चौरस फुटाच्या भावावर थांबतो, म्हणून फसवा आहे. ३०० चौरस फुटांच्या खोलीची नुसती ५० मिलिमीटर जाडीची जमीन फोडली तर सुमारे ३ टन राडारोडा निघतो. तो फोडणं, उचलणं, ट्रॅक्टरने वाहून नेणं, आणि बहुतेक गावांत ओढ्याच्या काठी टाकून देणं! बांधकामाच्या कचऱ्यासाठी देशात २०१६ साली वेगळे नियम झाले, तरी आपल्या ओढ्यांचे काठ अजून तेच सांगतात. त्यावर नवं सिमेंट, नवी टाइल, जोत्याची उंची बदलली म्हणून दारं तासणं आणि मोरीचा उतार पुन्हा काढणं. फोडण्याऐवजी वरच टाइल चिकटवली तर खोलीवर पाऊण टनाच्या आसपास वजन चढतं. जोत्यावर ते चालेल, पण माडीच्या जुन्या स्लॅबवर ते घालण्याआधी इंजिनियरला विचारायला हवं, आणि ते कुणी विचारत नाही.

शिवाय टाइलचा खर्च एकदाच होतो, हेही खरं नाही. टाइलचा रंग आणि नक्षी वरच्या थरात असते. टवका उडाला की ती भरता येत नाही, बदलावी लागते. आमच्या पडवीत नारळ पडून तीन टाइल्स फुटल्या. त्या नक्षीच्या टाइल्स दुकानात आता मिळत नाहीत. आता ती पडवी एकतर तीन परक्या चौकोनांसकट राहणार किंवा सगळी पुन्हा फोडली जाणार.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जिथे खालचा भराव खचला आहे, जमिनीला खळगे पडले आहेत, निम्म्याहून जास्त भाग पोकळ वाजतो आहे किंवा लाल थर झिजून मोठ्या भागात नाहीसाच झाला आहे, तिथे नवी जमीन घालणंच शहाणपणाचं. जी भेग दर पावसाळ्यात उघडते आणि उन्हाळ्यात मिटते, ती पायाची तक्रार सांगत असते, ती भरून फसवू नये. आणि मेणाचा जाड थर दिलेला कोबाही ओल्या पायाला निसरडाच असतो, म्हणून न्हाणीघरापाशी तो नकोच. मला प्रत्येक कोबा वाचवायचा नाही. न तपासता, न वाजवता, न धुता फोडला जाणारा कोबा मला वाचवायचा आहे.

उरतो शेवटचा आक्षेप. तो क्वचितच उघड बोलला जातो, पण बाकीच्या सगळ्यांच्या मुळाशी तोच असतो: सिमेंटची जमीन गरिबाची. शेणाने सारवलेल्या जमिनीवरून कोब्यावर येणं हे आमच्या आज्यांच्या पिढीला केवढं सुख होतं! दर आठवड्याचं सारवण सुटलं, पावसाळ्यातली ओली माती पायाला लागेना, बाळ मोकळेपणी रांगू लागलं. त्या घोटलेल्या जमिनीत गवंड्याच्या गुडघ्यांचं दुखणं आहे, आणि घरच्या बायकांनी पहाटे उठून मारलेलं पाणी आहे. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने सुरू झालेल्या भारत टाइल्सने परदेशी फरशीला देशी उत्तर दिलं तेही सिमेंट आणि रंगातूनच. त्या फरश्या आज पुन्हा कौतुकाने शोधल्या जातात. शहरातले वास्तुविशारद नव्या बंगल्यांत मुद्दाम आयपीएस घालून घेतात आणि त्याचे चांगले पैसे मोजतात. म्हणजे जी जमीन आपण गरिबीची खूण म्हणून फोडतो आहोत, तीच जमीन ज्यांना परवडतं ते नव्याने करवून घेत आहेत. गरिबी त्या जमिनीत कधीच नव्हती, ती आपल्या नजरेत होती.

म्हणून ज्यांच्या घरात अजून कोबा आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कंत्राटदाराला बोलावण्याआधी एक रविवार त्या जमिनीला द्या. एक नाणं घेऊन ती वाजवा, एक फडकं आणि टर्पेंटाइन घेऊन एक कोपरा पुसा, प्लास्टिकचा एक तुकडा निदान १६ तास चिकटवून ठेवा. गावातला एखादा म्हातारा गवंडी अजून हयात असेल तर त्याला घरी बोलावून दाखवा. घोटाईचा हात त्याच्याबरोबर संपण्याआधी एखाद्या तरुणाला तो शिकायला लावा. एवढं करूनही जमीन टाकाऊ ठरली तर खुशाल फोडा. पण घण उचलला की परतीची वाट राहत नाही. फोडलेला कोबा पुन्हा मिळत नाही, घोटलेला मात्र आणखी एक पिढी वापरता येतो.